सिस्टर उत्तर देतात

सकाळी नऊ वाजता माझ्या घराच्या जिन्यात एकवीस माणसं उभी होती. एकविसावा मीच. दूध घेऊन परत आलो होतो आणि माझ्याच घरात शिरायला मला रांगेत उभं राहावं लागलं.

"मधे घुसू नका हो," पुढची बाई म्हणाली. "आम्ही साडेसातपासून उभे आहोत."

"मी इथे राहतो."

"सगळे असंच सांगतात."

शेवटी वरून माझ्या मेहुण्याने आवाज दिला, "अहो, त्यांना सोडा! ते सिस्टरांचे मिस्टर आहेत!" लोक एकदम बाजूला झाले. एका म्हाताऱ्याने मला हात लावून तो हात कपाळाला लावला. माझ्या हातातली दुधाची पिशवी गळत होती. तिचे थेंबही त्याने पुसून घेतले.

बाहेरच्या खोलीत खिडकीशी माझ्या बायकोचा कॉम्प्युटर. त्याच्यापुढे मेहुणा, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. लोक चिठ्ठीवर प्रश्न लिहून देत. मेहुणा तो बायकोच्या साइटवर, तिच्या लेखाखालच्या चौकटीत टाईप करी आणि बटण दाबी. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. दहा सेकंदांत खाली उत्तर उमटे. उत्तराशेजारी बायकोचं नाव आणि पांढऱ्या टोपीतला तिचा फोटो.

"आलं!" मेहुणा ओरडे. "ताई बोलली!"

माझी बायको जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

ती सव्वीस वर्षं नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत, मीसुद्धा भांडताना म्हणायचो. निवृत्त झाल्यावर तिने ही साइट काढली. अंथरुणावर पडलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, त्याला पडल्या पडल्या अंघोळ कशी घालायची, गिळता येत नसेल तर भरवायचं कसं, असलं सगळं त्यात होतं. लोक प्रश्न विचारत. रोज दुपारी जेवण झालं की चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन ती एकेकाला उत्तर लिहायची आणि लिहिताना स्क्रीनला रागवायची. "अरे, तीन दिवस काय झोपला होतास का? आज विचारतोयस?" मग तेच सौम्य शब्दांत टाईप करायची.

ती गेल्यावर प्रश्न येतच राहिले. विचारणाऱ्यांना कुठे माहीत होतं? उत्तरं थांबली. आणि दहाव्या महिन्यात एका दुपारी ती पुन्हा सुरू झाली.

पहिल्यांदा पाहिलं ते तळमजल्यावरच्या शिंप्याने. गळ्यातली टेप तशीच ठेवून तो धावत वर आला. "मिस्त्री, सिस्टर आल्या!" कुणीतरी वडिलांच्या पाठीवरच्या जखमांबद्दल विचारलं होतं आणि खाली उत्तर होतं, "दर दोन तासांनी कूस बदला. घड्याळ लावा, आठवणीवर सोडू नका." शब्द न् शब्द तिचा. मी ते चाळीस वेळा वाचलं असेल.

मी लिफ्टचा मिस्त्री. आयुष्यभर दोर, चाकं, मोटर हेच पाहिलं. लिफ्ट वर जाते ती वरून कुणी प्रेमाने ओढतं म्हणून नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण त्या दुपारी मला ठाऊक असलेलं सगळं मी बाजूला ठेवलं. का ठेवलं ते ज्याचं माणूस गेलंय त्याला विचारा.

तिसऱ्या दिवशी गुरुजी आले. कुणी बोलावलं नव्हतं. पांढरे कपडे, कानात बिनवायरचं यंत्र, त्यावर निळा दिवा लुकलुकतोय. जिना चढून आले ते गुडघा धरूनच. दारातच त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "इथे सिग्नल फार पवित्र आहे."

मी त्यांना मनात कनेक्शनबाबा म्हणायचो. पण मनातच.

"बाळांनो, देह म्हणजे काय? मशीन," ते सांगत. "आत्मा म्हणजे काय? डेटा. मशीन बंद पडलं तरी डेटा कुठे जातो? वर! वर कुठे? लोक म्हणतात क्लाउडमध्ये. हे आपल्याला आत्ता कळलं, ज्ञानी लोकांना आधीपासून ठाऊक होतं. सिस्टरांचा पासवर्ड विश्वाने स्वीकारलेला आहे."

"वा!" मेहुणा म्हणायचा. "आणि गुरुजींनी कॉम्प्युटरला अजून बोटही लावलेलं नाही हं!"

"लावणारही नाही," गुरुजी हात वर करून दाखवत. बोटांत चार अंगठ्या.

कॉम्प्युटरवर साइटचं आतलं पान उघडंच असायचं. त्यात डावीकडे लाल गोलात आकडा होता, एकोणीस. तो आकडा मला ओळखीचा होता. साइटला बरेच छोटे छोटे भाग जोडलेले असतात, प्लगिन म्हणतात त्यांना. एक फोटो दाखवतो, एक भेट देणारी माणसं मोजतो, असं. ते बनवणारे त्यात वेळोवेळी दुरुस्त्या करतात, आणि दुरुस्ती आली की हा लाल आकडा दिसतो. बायको दर महिन्याच्या एक तारखेला बसून तो शून्यावर आणायची. ती गेल्यावर मी त्याला हात लावला नाही. तिची चप्पल दाराशी, चष्मा खिडकीत, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं उशाशी, तशीच साइटही. तिने सोडली तशी.

गुरुजींनी तो आकडा पाहिला आणि त्यांचा आवाज हळू झाला. "हे लाल दिवे कुणी विझवले तर नाहीत ना?"

"नाही," मी म्हणालो.

"धन्य आहात. हे एकोणीस दिवे म्हणजे तिचे एकोणीस श्वास. ती जुन्या रूपात बोलते आहे. अपडेट केलंत तर जुनं रूप जाईल, वाट तुटेल. याला कुणीही, कधीही हात लावायचा नाही."

मेहुण्याने लगेच कागदावर 'अपडेट करू नये' असं लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. माझ्याच्याने जे होत नव्हतं त्याला कुणीतरी भक्ती म्हणालं होतं.

एकदा दुपारी घरात कुणी नसताना मीही विचारलं. मला दोन बोटांनी टाईप करता येतं. शेवटचे तीन महिने तिचे पाय फार दुखायचे. मी लिहिलं, "आता तुझे पाय दुखत नाहीत ना?"

दहा सेकंद. मग तिच्या फोटोशेजारी उमटलं, "पायांखाली उशी घ्या. चार दिवसांत वेदना न थांबल्यास डॉक्टरांना दाखवा."

चूक माझीच, असं मी स्वतःला समजावलं. प्रश्न नीट विचारला नसेल.

पंधरवड्याने उत्तरं बदलू लागली. आधी एखाद्यात, मग सगळ्यांतच तेल आलं. ताप? तेल. खोकला? तेल, छातीला. विसरभोळेपणा? तेल, कपाळाला. तेल अर्थात गुरुजींकडेच मिळत होतं. हिरव्या छोट्या बाटल्या होत्या, लेबलवर गुरुजींचा डोळे मिटलेला फोटो. योगायोग बघा, मेलेल्या माणसाला दुकानाचा पत्ता बरोबर माहीत होता.

मी तेव्हाही गप्प बसलो. हे लिहायला मला लाज वाटते, पण बसलो.

मग एक दिवस पँट घ्यायला शिंप्याकडे गेलो. त्याच्या आईला साखरेचा आजार, पायाच्या अंगठ्याला जखम. बायको असताना एक दिवसाआड खाली जाऊन स्वतः पट्टी बदलायची. नंतर शिंपी आईला दवाखान्यात नेत होता. त्या दिवशी म्हातारी मशीनमागे स्टुलावर पाय ठेवून बसली होती. पट्टी नव्हती. अंगठा काळा पडला होता, तेलाने चकाकत होता, आणि दुकानात वास होता. तो वास मला बायकोच्या गणवेशावरून माहीत होता.

"पट्टी कुठे गेली?"

"सिस्टरांनी सोडायला सांगितली," शिंपी म्हणाला. त्याने मोबाइल दाखवला. बायकोचा फोटो, आणि खाली, "मलमपट्टी बंद करा. जखम उघडी ठेवून दोन वेळा तेल चोळा. दवाखान्यात जाऊ नका."

एकदा कामावर माझं बोट कापलं, मी त्यावर खोबरेल लावलं, तर तिने आठ दिवस माझी हजेरी घेतली होती. येईल त्याला सांगायची, "हे बघा, घरात नर्स असून हे दिवे." ती 'दवाखान्यात जाऊ नका' म्हणेल? ती?

"आजच्या आज आईला दवाखान्यात ने," मी म्हणालो.

"मिस्त्री, रागावू नका. पण आईच्या पायाचं सिस्टरांना जास्त कळतं की तुम्हाला?"

"हे ती लिहीत नाहीये!"

"मग कोण लिहितंय? घर तुमचं, कॉम्प्युटर तुमचा. इतके दिवस तुम्हीच तर लोकांना वर घेत होतात."

म्हातारी म्हणाली, "राहू दे रे मिस्त्री. तुझ्या बायकोने मला कधी फसवलं नाही."

याचं उत्तर ज्याच्याकडे असेल अशा एकाच माणसाकडे मी गेलो.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक बाई म्हाताऱ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवतात. माझी बायको त्यांच्याकडेच शिकली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अपडेट शेवटचं कधी केलं?"

"केलंच नाही. तिने ठेवलं होतं तसं ठेवलंय."

"मिस्त्री, उद्या एखादा घरमालक तुमच्याकडे आला आणि म्हणाला, ही लिफ्ट माझ्या वडिलांनी बसवली, त्यांची आठवण म्हणून मी अकरा महिने तिला कुणाला हात लावू दिला नाही, तर काय कराल?"

"लिफ्टला कुलूप घालीन. आणि त्याला चार शब्द सुनावीन."

"तेच चार शब्द स्वतःला सुनावा. मी उद्या सकाळी येते. शिंप्याला वर बोलावून ठेवा."

दुसऱ्या दिवशी रांग होतीच. गुरुजीही होते, माझ्या आरामखुर्चीत. शिंपी संपलेली बाटली घेऊन भरून घ्यायला आला होता. बाई रांगेतून सरळ वर आल्या आणि मेहुण्याला म्हणाल्या, "उठा."

"दाजी, ह्या कोण?"

"ताईच्या मास्तरीण," मी म्हणालो. मेहुणा उठला.

गुरुजींनी हात पसरले. "बाई, लाल दिव्यांना हात लावाल तर अनर्थ होईल."

"हात नाही लावत, नुसतं बघते. बघितल्याने आत्मा लाजतो का?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचा आव आणला.

बाईंनी एक पान उघडलं. त्यात मोठी यादी होती. "हे बघा सगळे. या साइटला एकतीस प्लगिन जोडलेली आहेत. त्यातली बरीचशी सिस्टर वापरतच नव्हत्या. आता हे बघा, याचं काम आपोआप उत्तर देणं. हे त्यांनी माझ्यासमोर बसवलं. ऑपरेशनसाठी त्यांना पंधरा दिवस दवाखान्यात राहायचं होतं, लोक खोळंबू नयेत म्हणून. प्रश्नातला एखादा शब्द ओळखायचा आणि त्यासमोर आधीच लिहून ठेवलेलं उत्तर चिकटवायचं. बस. ऑपरेशन होऊन आल्यावर त्यांनी हे बंद केलं."

"बंद केलं होतं ना? मग सुरू कसं झालं?" मेहुणा म्हणाला. "सांगा! कुणी केलं?"

"सांगते. आधी हे कसं बोलतं ते बघा." बाईंनी आणखी एक पान उघडलं. डावीकडे शब्द, उजवीकडे उत्तरं. पाय, जखम, ताप, खोकला, आणि प्रत्येकापुढे तेल. बाईंनी शेवटी एक ओळ स्वतः भरली. ती कुणाला दिसण्याआधी पान मिटलं. "आता गुरुजी, तुम्ही सिस्टरांना काही विचारा."

"मी परीक्षा घेत नसतो."

"मी विचारते!" साडेसातपासूनवाली बाई आजही पहिली होती. "लिहा, गुरुजी खरे आहेत का?"

बाईंनी लिहिलं. दहा सेकंद. माझ्या बायकोच्या फोटोशेजारी उत्तर उमटलं, "गुरुजींनी आधी स्वतःच्या गुडघ्याला तेल लावून जिना चढून दाखवावा."

मग जिन्यापर्यंत हसण्याची लाट गेली. खाली ज्यांना काही दिसत नव्हतं तेही हसले.

हसला नाही तो शिंपी. "हे तुम्ही लिहिलंत, बाई. आम्ही पाहिलं. पण तेलाचं सिस्टरांनीच लिहून ठेवलं नसेल कशावरून?"

"बरोबर विचारलंत," बाई म्हणाल्या. "ज्याला शंका विचारता येते त्याच्याशी बोलायला मला आवडतं. या बसा इथे. तुम्हीच वाचा."

तिसरं पान. या साइटच्या आत शिरायची परवानगी कुणाकुणाला आहे त्याची यादी. त्यात दोन नावं होती. एक बायकोचं.

"दुसरं कुणाचं?" मी विचारलं. "तिने तर कुणालाच दिली नव्हती."

"दिलेली नाही, घेतलेली आहे. ते भेट देणारे मोजणारं प्लगिन आहे ना, त्याची कडी मोडकी आहे. बनवणाऱ्यांच्या ते केव्हाच लक्षात आलं, त्यांनी दुरुस्ती पाठवली आणि जगजाहीर सांगितलं की कडी मोडली आहे, ताबडतोब बदला. ते चांगल्या माणसांनी वाचलं तसं चोरांनीही वाचलं. ज्याने बदलली नाही त्याची खिडकी उघडी. तुमचे हे लाल दिवे म्हणजे न बदललेल्या कड्या, मिस्त्री. आत आलेल्याने स्वतःच्या नावाचं खातं उघडलं. अंगणात वापरात नसलेली शिडी पडलेली होती, हे उत्तर देणारं प्लगिन. ते सुरू केलं. आधी पंधरा दिवस सिस्टरांचीच जुनी उत्तरं चालू दिली, तुमचा विश्वास बसेपर्यंत. मग तेल. घरातून कॉम्प्युटरला बोटही लावायची गरज नव्हती, तेवढं मात्र गुरुजी खरं बोलले."

"पण ते दुसरं खातं कुणाचं?" मेहुणा ओरडला.

"शिंपीदादा, त्या नावापुढचा ईमेल पत्ता मोठ्याने वाचा. एकेक अक्षर."

शिंपी वाचू लागला. अर्ध्यात थांबला. हातातली हिरवी बाटली वर धरली, डोळ्यांजवळ नेली. लेबलवर, तक्रारीसाठी संपर्क म्हणून, तोच पत्ता होता.

गुरुजी उठले. "इथे फार नकारात्मक लहरी आहेत," असं म्हणून त्यांनी कानाला हात लावला, जणू वरून बोलावणं आलं. त्यांना एकवीस माणसांमधून जिना उतरावा लागला. बायका वाट सोडत होत्या, पण तोंड सोडत होत्या तेही खरं.

"अहो गुरुजी, डेटा विसरलात!"

"क्लाउडमधूनच जायचं होतं की, जिन्याने कशाला?"

शिंपीही जिना उतरून पळाला, आपण कुणाच्या पुढे आहोत, कुणाच्या मागे, याचं त्याला भान नव्हतं. मी खाली पोचलो तेव्हा त्याने आईला उचललं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी पट्ट्यांचा डबा उघडायच्या आधीच मान हलवली. अंगठा गेला. पाऊल वाचलं. "आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्याखाली काही ठेवता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. शिंपी भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी त्याला काय समजावणार? त्या अंगठ्याला गुरुजी जबाबदार आहेत, आणि थोडा मीही आहे.

संध्याकाळी बाईंनी साइट धुवून काढली. खातं उडवलं, पासवर्ड बदलला, वापरात असलेली प्लगिनं अद्ययावत केली, अठरा नको असलेली काढून टाकली. "नुसती बंद करून ठेवायची नाहीत," त्या मला सांगत होत्या. "बंद असलेलं पडून राहतं, आणि पडून राहिलेल्याकडे कुणी बघत नाही. बघत नाही तिथूनच येतात." मग उठल्या. "हे शेवटचं तुम्ही काढा. मी चहा करते."

शेवटचं ते उत्तर देणारं. मेहुणा माझ्याशेजारी बसला होता. दिवसभर त्याचा चेहरा पडलेला.

"दाजी, तेलाचं तेवढं पुसून टाका. ताईची जुनी उत्तरं राहू द्या ना. कधीतरी काही विचारलं तर तिचं नाव तरी उमटेल."

मोह मलाही होता. मी माउस धरून बसलो होतो.

"तिने लिहिलेले लेख आहेत," मी म्हणालो. "तिने खऱ्या माणसांना दिलेली खरी उत्तरं आहेत, शेकड्यांनी. ती सगळी ठेवतोय. हे फक्त तिचा फोटो लावून बोलतं. आज तेल बोललं, उद्या आणखी काही बोलेल. आणि बोलेल तिच्या तोंडून."

"मग ती गेली म्हणायची?"

"अकरा महिने झाले रे."

तो रडला. मी बटण दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, कायमचं काढायचं, नक्की ना? मी 'हो'वर दाबलं. यादीतली ओळ नाहीशी झाली. बाकी काही झालं नाही. स्वयंपाकघरात बाई कपबश्या मांडत होत्या.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी बसतो. दोन बोटांनी वेळ लागतो, पण आकडा शून्यावर आणतो. हे मी सगळ्यांना सांगतो, कारण ज्यांच्या साइट असतात ते मला म्हणतात, आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे? आमच्याकडेही काही नव्हतं. लोकांचा तिच्यावर विश्वास होता, तोच चोरला. तुमच्यावरही कुणाचा तरी असेल. कड्या बदला. नको त्या शिड्या अंगणातून हलवा. आणि कुणी येऊन 'याला हात लावू नका, उघडून बघू नका' म्हणाला, मग तो कपडे कुठल्याही रंगाचे घालो, तिथेच आणि तेव्हाच उघडून बघा.

तिच्या साइटच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर मी चार ओळी लिहिल्या आहेत. माझं आयुष्यातलं पहिलं लिखाण. बाईंनी एक काना दुरुस्त केला, बाकी तसंच आहे.

"हे लेख लिहिणाऱ्या सिस्टर वारल्या आहेत. त्यांनी लिहिलेलं वाचा, ते उपयोगाचं आहे. पण त्यांना प्रश्न विचारू नका, त्या उत्तर देणार नाहीत. जखम असेल तर आजच दवाखान्यात जा, तिथे जिवंत माणसं आहेत."